तीन तासांचे अंतर

'अंतर' हा मराठीतील एक विलक्षण शब्द आहे. मुंबईपासून नाशिकचे अंतर किती, असे आपण विचारतो तेव्हा दोन ठिकाणांमधील लांबी एवढाच त्याचा अर्थ असतो. परंतु थकलेली आई मुलाला 'बाबा, आम्हांला अंतर देऊ नकोस' असे म्हणते, तेव्हा ती मैलांची गोष्ट बोलत नसते. पहिले अंतर मुळातच असते; दुसरे कोणीतरी देतो. पहिल्याला कर्ता नाही. दुसऱ्याला कर्ता लागतो, आणि जेथे कर्ता आला तेथे नीतीचा प्रश्नही आला. विमानाने पहिले अंतर जवळजवळ पुसून टाकले आहे. अशा या काळात दुसऱ्या अंतराचे काय झाले, हा प्रश्न आम्हांला येथे वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला आहे. तेव्हा मुंबई आणि दुबई या दोन विमानतळांचेच उदाहरण घेणे उचित होईल. पृथ्वीच्या गोलावर या दोन विमानतळांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा काढली, तर ती सुमारे १,९३० किलोमीटर भरते. मुंबईहून दिल्लीचे हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. म्हणजे दुबई ही दिल्लीच्या दुपटीहूनही कमी लांब आहे. आधुनिक जेट विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून तासाला साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने सव्वादोन तासांत ही वाट संपावयास हवी. वेळापत्रकात मात्र तीन तास किंवा थोडे अधिकच लिहिलेले आढळतात.

हा वाढीव वेळ कोठे जातो? वेळापत्रकातील प्रवासकाळ विमान जमिनीवरील आपल्या जागेवरून हलते तेव्हा सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी जाऊन थांबते तेव्हा संपतो. धावपट्टीपर्यंत रांगेने सरकणे, वर चढणे, खाली उतरणे आणि उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणे, हे सर्व त्यात धरलेले असते. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत; तेथील खोळंब्याचे हे एक कारण आहे. शिवाय वरच्या हवेतील वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून जाताना वारा आडवा येतो आणि परतताना पाठीशी असतो. दुबईहून घरी येण्याचा प्रवास त्यामुळे बहुधा काही मिनिटे लवकर संपतो.

घड्याळाची गंमत आणखी निराळी आहे. दुबईचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे चालते. सकाळी दहा वाजता मुंबईहून निघालेला माणूस तेथील घड्याळाप्रमाणे साडेअकरा-पावणेबाराला उतरतो. जणू त्याला प्रवासाला जेमतेम पावणेदोन तास लागले. तोच माणूस दहाला तेथून निघाला, तर येथे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पोहोचतो आणि त्याला सव्वाचार तास लागल्यासारखे वाटते. घर सोडण्याची वाट आखूड आणि घरी परतण्याची वाट लांब, असे घड्याळ सांगते. वारा नेमके याच्या उलट सांगतो. मोजण्याची साधने अशी परस्परविरोधी साक्ष देऊ लागली, म्हणजे ती काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, याचा विचार करणे भाग पडते.

या समुद्रावरून आपल्या माणसांचे जाणे-येणे नवे नाही. आखातातील खजूर आणि मोती मुंबईच्या बाजारात येत असत, ते शिडाच्या जहाजांतून. ही जहाजे वाऱ्याच्या तालावर चालत. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्र बंद होई आणि पाऊस संपेपर्यंत पलीकडच्या माणसाची वाट पाहण्याखेरीज दुसरा उपाय नसे. पुढे आगबोटी आल्या. ब्रिटिश इंडिया कंपनीची 'द्वारका' ही बोट १९८२ सालापर्यंत मुंबई, कराची आणि आखातातील बंदरे अशा फेऱ्या करीत होती. बंदरे घेत घेत जाणाऱ्या त्या प्रवासात दिवसांमागून दिवस जात. गरीब उतारू उघड्या डेकवर पथारी पसरून जात असे. दुबईचा विमानतळ १९६० साली सुरू झाला, तेव्हा त्याची धावपट्टी दाबून घट्ट केलेल्या वाळूची होती. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, बांधकामे वाढली, आणि केरळ, गोवा, मंगळूर, मुंबई, वसई येथून माणसांची रीघ लागली.

त्या पहिल्या पिढीचा वियोग आजच्या पुष्कळ वडीलधाऱ्यांनी स्वतः भोगला आहे. पत्राला उत्तर येईपर्यंत विचारलेला प्रश्नच शिळा होई. बाळाचे बोबडे बोल ध्वनिफितीवर मुद्रित करून, सुटीहून परत निघालेल्या एखाद्या गाववाल्याच्या हाती पाठवले जात. वडील वारल्याची तार मुलाच्या हाती पडे, तेव्हा मातीला माती मिळून गेलेली असे. मुलगा आला नाही म्हणून कोणी त्याला बोल लावीत नसे. येणे त्याच्या हाती नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते. अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही असू शकत नाही, हे तत्त्व रोमन कायद्यापासून चालत आले आहे आणि सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत ते विद्यार्थ्यांना शिकवले जाते. समुद्र हा त्या काळी वियोगाचे कारण होता आणि क्षमेचेही कारण होता.

विमानाने ते कारण काढून घेतले. मात्र त्याने ते एका झटक्यात काढून घेतले नाही. एअर-इंडियाने बोइंग ७०७ हे जेट विमान १९६० साली सेवेत आणले. त्या विमानाच्या मानाने आजची प्रवासी विमाने अधिक वेगवान नाहीत. त्यांतील काही तर किंचित सावकाशच उडतात. आवाजाहून वेगाने जाणारे काँकॉर्ड १९७६ साली प्रवासी सेवेत आले आणि २००३ साली कायमचे जमिनीवर उतरले. म्हणजे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत आकाशातील वेग वाढलेला नाही. बदल झाला तो तिकिटांच्या दरांत, विमानांच्या संख्येत आणि त्यांत पाय ठेवू शकणाऱ्या माणसांच्या संख्येत. मुंबईहून दुबईला आता दिवसातून अनेक विमाने जातात. यंत्राने वेळ कमी केली ती एकदाच. त्यानंतर जे कमी होत गेले ते 'मला येता येत नाही' असे म्हणण्याचे निमित्त होय.

येथून आपला खरा प्रश्न सुरू होतो. महिनाभराच्या वाटेवर असलेल्या माणसापेक्षा तीन तासांच्या वाटेवर असलेल्या माणसावर कर्तव्याचा भार अधिक असतो काय?

याला दोन परस्परविरोधी उत्तरे दिली गेली आहेत. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले. त्यांच्या हालांच्या पार्श्वभूमीवर पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतकाने एक निबंध लिहिला आणि तो १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याचा युक्तिवाद साधा आहे. वाटेवरच्या उथळ तळ्यात एखादे मूल बुडताना दिसले, तर आपण कपडे भिजतील म्हणून थांबत नाही. मग तेच मूल हजारो मैलांवर मरत असेल आणि त्याला वाचवणे आपल्या आवाक्यात असेल, तर केवळ अंतराच्या नावाखाली आपल्याला सुटका मिळू शकत नाही. सिंगरच्या मते मैलांना नैतिक वजन नाही.

दुसरे उत्तर पुष्कळ जुने आहे. संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणीवरील आपल्या ग्रंथात हाच पेच हाताळला आहे. प्रेम सर्वांवर सारखेच करावे; परंतु सर्वांच्या उपयोगी पडणे कोणालाही शक्य नाही. म्हणून स्थळ, काळ आणि प्रसंग यांच्या योगाने, जणू चिठ्ठी टाकून, जे आपल्या निकट आले आहेत त्यांची काळजी आपण विशेषत्वाने वाहिली पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रीतीचा क्रम सांगताना हेच सूत्र पुढे नेले आणि त्याला एक महत्त्वाची पुस्तीही जोडली. परक्याची गरज जीवनमरणाची असेल आणि आपल्या वडिलांची तशी नसेल, तर आधी परक्याकडे धावावे, असे ते म्हणतात. म्हणजे जवळीक हा एक निकष झाला आणि गरजेची तीव्रता हा दुसरा.

ही दोन्ही उत्तरे आम्हांला महत्त्वाची वाटतात. तथापि विमानाने दोहोंपुढेही एक नवी अडचण उभी केली आहे. ऑगस्टीन यांच्या काळी 'निकट कोण' याची चिठ्ठी समुद्र, डोंगर आणि वाळवंट टाकीत असत. आज ती चिठ्ठी काही अंशी आपणच टाकतो. तीन तासांवरच्या आईला निकट मानावयाचे की दूर, हे भूगोल ठरवीत नाही. रजेचा अर्ज, तिकिटाचे पैसे, कंपनीचे काम, मुलांची परीक्षा आणि आपली इच्छा यांच्या बेरजेतून ते ठरते. समुद्राचे ओझे आता माणसाच्या विवेकबुद्धीवर येऊन पडले आहे. म्हणून आजच्या परदेशस्थ मुलाला त्याच्या आजोबांपेक्षा अधिक सोयी आहेत, परंतु त्याचे मन आजोबांपेक्षा अधिक अस्वस्थ आहे.

मात्र या अस्वस्थतेचा न्याय करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वेळापत्रकातील तीन तास सर्वांसाठी सारखे नसतात. वसई रोड स्थानकापासून अंधेरीपर्यंतचा रेल्वेमार्ग सुमारे तीस किलोमीटरचा आहे. सामानसुमान घेऊन रस्त्याने निघालेल्या माणसाला विमानतळ गाठावयास वाहतुकीच्या गर्दीत दोन तासही लागू शकतात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी हजर राहावे लागते. पलीकडे उतरल्यावर पारपत्राची रांग, सामान आणि पुढचा रस्ता आहेच. घरच्या उंबऱ्यापासून त्याच्या खोलीच्या दारापर्यंतचा हिशेब केला, तर तीन तासांचे दहा होतात. आणि हा हिशेब ज्याच्या खिशात तिकीट, हाती पारपत्र आणि पदरी रजा आहे त्याचा झाला.

ज्याला वातानुकूलित कचेरीत मोठा पगार आहे, तो गुरुवारी विचार करून शुक्रवारी रात्री घरी पोहोचू शकतो. कामगार वसाहतीत एका खोलीत सहा-आठ जणांबरोबर राहणाऱ्या गवंड्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला दोन वर्षांतून एकदा रजा आणि तिकीट मिळते. नियम काहीही असोत, पुष्कळांची पारपत्रे मालकाच्या कपाटात असतात. घेतलेले कर्ज फिटलेले नसते. नाताळच्या आणि उन्हाळी सुटीच्या दिवसांत तिकिटाचे दर एवढे वाढतात की एका फेरीत कित्येक महिन्यांची बचत निघून जाते. विमानातील खुर्ची दोघांनाही तीन तासांतच पोहोचवते. परंतु त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यास एकाला एक दिवस लागतो आणि दुसऱ्याला दोन वर्षे. 'तीन तासांवर तर आहे, यायला काय झाले?' असा प्रश्न दुसऱ्याला विचारणे हा अन्याय आहे. त्याचा वियोग आगबोटीच्याच काळातला आहे. फक्त त्याच्या वाट्याला समुद्राची क्षमा नाही.

वेळापत्रक हे किती माणसाच्या हातचे आहे, हे आपण सर्वांनी २०२० साली पाहिले. मार्च महिन्यात आपल्या देशाने नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा थांबवली. मे महिन्यापासून सरकारने खास विमानांनी अडकलेल्यांना परत आणण्यास आरंभ केला. पुढे काही देशांशी करार करून मर्यादित फेऱ्या सुरू झाल्या. नियमित सेवा पूर्ववत होण्यास २७ मार्च २०२२ उजाडले. त्या काळात मुंबई-दुबई हे अंतर एका किलोमीटरनेही वाढलेले नव्हते आणि विमानांचा वेगही कमी झालेला नव्हता. तरी आरंभीचे कित्येक आठवडे तीन तासांची ती वाट बहुतेकांसाठी अस्तित्वातच नव्हती. मुलांनी आईवडिलांचे अंत्यविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. त्या वेळी त्यांना दोष द्यावा असे कोणाच्या मनातही आले नाही. पुन्हा एकदा सर्वांचा समुद्र सारखा झाला होता.

ती विमाने पुन्हा सुरू झाली आणि आपला प्रश्नही परत आला. तो सर्वांत उघडपणे दिसतो तो मृत्यूच्या वेळी. घरात कोणी वारले की नातेवाईक आमच्याकडे येतात आणि दफनविधी केव्हा ठेवावयाचा, हे ठरवावे लागते. पूर्वी याचे उत्तर उन्हाळा देत असे. सूर्य मावळण्यापूर्वी सर्व आटोपावे लागे. आता शीतपेटी आणि विमानाचे वेळापत्रक मिळून ते ठरवतात. 'फादर, थोरला निघालाय, रात्रीचं विमान मिळालं, उद्या चारची मिस्सा ठेवूया,' असे सांगितले जाते. आम्ही ती वेळ ठेवतो आणि ठेवावी असेच आमचे मत आहे. मूठमाती देण्याचा हक्क मुलाचा आहे आणि शेवटचे तोंड पाहण्याची ओढ मानवी आहे.

परंतु या धावपळीत एक गोष्ट ध्यानात येते. जी रजा दोन वर्षे मिळत नव्हती ती तासाभरात मिळालेली असते. जे तिकीट महाग म्हणून राहून गेले होते ते दुप्पट दराने घेतलेले असते. तीन तासांची वाट खुलीच होती, हे मृत्यूने सिद्ध केलेले असते. मृतासाठी जे तीन तास सापडतात ते जिवंतासाठी का सापडू नयेत?

याचे कारण केवळ मुलांची बेपर्वाई आहे, असे म्हणणे सोपे आहे आणि बहुधा खोटे आहे. मृत्यूला तारीख असते, म्हातारपणाला नसते. 'वडील वारले' हे कारण कोणताही मालक मान्य करतो. 'आई एकटी आहे आणि संध्याकाळी तिला करमत नाही' या कारणासाठी रजेच्या अर्जात रकानाच नाही. जी गोष्ट आज केली नाही तर उद्या करता येणारच नाही, तिच्यासाठी माणूस उठतो. जी कोणत्याही दिवशी करता येईल, ती कोणत्याच दिवशी होत नाही. आई तीन तासांवर आहे, केव्हाही जाता येईल, हा दिलासाच जाण्याच्या आड येतो. आगबोटीच्या काळी माणूस वर्षभर आधी येण्याचा दिवस ठरवी आणि तो पाळी. सोपेपणाने आपल्याला मोकळे केले आणि त्याच सोपेपणाने आपल्याला आळशी केले.

या बाबतीत सर्व भार परदेशी गेलेल्यांवरच टाकणे योग्य होणार नाही. येथे राहिलेल्या आईवडिलांकडूनही एक चूक प्रेमापोटी होत असते. फोनवर 'आम्ही मजेत आहोत, तू काळजी करू नकोस' असे सांगितले जाते. त्याच आठवड्यात वडील न्हाणीघरात पडलेले असतात, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला असतो, आणि शेजारच्या मुलाला बोलावून औषधाच्या चिठ्ठीवरील नाव वाचून घ्यावे लागते. मुलाची रजा वाया जाऊ नये, त्याच्या नोकरीला धक्का लागू नये, म्हणून हे लपवले जाते. हेतू शुद्ध असला तरी परिणाम असा होतो की निर्णय घेण्याचा मुलाचा अधिकारच काढून घेतला जातो. ज्याला गरज कळलीच नाही, त्याने ती भागवली नाही म्हणून त्याला दोषी कसे धरावे? अक्वायनस यांनी सांगितलेली गरजेची तीव्रता तोलावयाची, तर ती आधी खरेपणाने सांगितली गेली पाहिजे. खरे न सांगणे हेही एक अंतर देणेच आहे.

तिसरी बाजू जवळ राहिलेल्यांची आहे. बहुतेक घरांत कोणीतरी एक मागे राहते; धाकटा मुलगा, अविवाहित बहीण, किंवा कोठेही न गेलेली सून. रोजचे औषध, दवाखान्याची रांग, रात्रीचे उठणे हे त्यांच्या वाट्याला येते. मग दोन वर्षांनी विमान उतरते. घरात चॉकलेटे आणि सुवासिक साबण येतात. आठ दिवस घर उजळून निघते. पाहुण्या मुलाच्या येण्याने आईच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो खराच असतो. परंतु ज्या सुनेने सातशे दिवस पेज भरवली, तिचे नाव त्या आनंदात कोणी घेत नाही. पाठवलेल्या पैशांची नोंद बँकेत होते. भरवलेल्या पेजेची कोठेच होत नाही. दूरच्या माणसाच्या कर्तव्याची चर्चा करताना जवळच्याच्या श्रमांचे ऋण मान्य केले नाही, तर ती चर्चा अपुरी राहील. परदेशस्थ मुलाचे पहिले कर्तव्य कदाचित आईपेक्षाही त्या सुनेकडे आहे: तिचे आभार मानणे, तिला मदतनीस मिळवून देणे, आणि स्वतः आल्यावर आठ दिवस का होईना, रात्रीचे उठणे आपल्याकडे घेणे.

जवळ राहणे म्हणजे जवळ असणे, असेही मात्र गृहीत धरता येत नाही. गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक विचारवंताने १९३३ सालच्या एका निबंधात हे फार मार्मिकपणे दाखवून दिले आहे. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर बसलेला माणूस आपल्याशी बोलत असूनही कधी कधी मुळीच 'उपस्थित' नसतो. आणि हजारो मैलांवरचे प्रिय माणूस मात्र त्याच्यापेक्षा अधिक जवळ असल्याचे जाणवते. मार्सेल यांच्या मते फरक पडतो तो उपलब्धतेचा. दुसऱ्यासाठी आपण मोकळे आहोत की आपल्यातच भरून गेलो आहोत, एवढाच प्रश्न असतो. एकाच छपराखाली जेवताना प्रत्येक जण आपल्या मोबाइलच्या पडद्यात डोके खुपसून बसलेला असतो, त्या घरातील अंतर मोजणारी पट्टी अजून निघावयाची आहे.

शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाच्या दाखल्याकडेही या दृष्टीने पाहता येईल. यरुशलेमहून यरिहोला जाणारा रस्ता सुमारे सत्तावीस किलोमीटरचा आहे आणि तेवढ्या वाटेत तो जवळजवळ एक हजार मीटर खाली उतरतो. त्या रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसापासून याजक आणि लेवी किती अंतरावर होते? फार तर रस्त्याच्या रुंदीएवढ्या. प्रवासकाळाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. जो जातीने, देशाने आणि उपासनेने दूरचा, तो थांबला. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रभू येशूने पत्ता सांगून दिले नाही. कोण शेजाऱ्यासारखा वागला, असे उलट विचारून दिले. अंतर या शब्दाचा जो दुसरा अर्थ आम्ही आरंभी सांगितला, तोच येथे अभिप्रेत आहे.

मग आपल्या उदाहरणातील मुलाने काय करावे? याचे एकच एक उत्तर देता येणार नाही. परंतु उत्तर शोधताना गरजांचे तीन प्रकार वेगळे केल्यास मन मोकळे होण्यास मदत होईल, असे आम्हांला वाटते. काही गरजा पैशाने भागतात आणि पैसा क्षणात पोहोचतो. औषधे, मदतनीस, घराची दुरुस्ती यांसाठी स्वतः येण्याचा अट्टाहास करून नोकरी गमावणे शहाणपणाचे नाही. काही गरजा आवाजाने भागतात आणि आवाजही क्षणात पोहोचतो. रोज दहा मिनिटे घाई न करता बोलणे, उत्तर ऐकून घेणे, तीच तीच आठवण पुन्हा ऐकणे, यासाठी तिकीट लागत नाही. आणि ते होत नसेल तर दोष समुद्राचा नाही. परंतु काही गरजा अशा असतात की त्यांना माणसाचा हातच लागतो. शस्त्रक्रियेच्या खोलीकडे जाताना धरलेला हात, भावाभावांतील वाद मिटवताना समोरासमोर बसणे, आणि दिवसेंदिवस विसरत चाललेल्या आईने आपल्याला अजून ओळखावे म्हणून तिच्यापुढे जाऊन उभे राहणे. हात तारेवरून जात नाही. त्याला तीन तास लागतात आणि ते तीन तास ज्याच्या आवाक्यात आहेत त्याने ते द्यावयास हवेत.

ज्याच्या आवाक्यात ते नाहीत, त्याच्या बाबतीत कर्तव्य आपल्याकडे वळते. आपल्या वाडीतील एखाद्या गवंड्याची, वाहनचालकाची किंवा घरकामाला गेलेल्या बाईची आई येथे एकटी असेल, तर तिच्या मुलाला येता येत नाही हे समजून घेऊन तिच्याकडे जाणे हे आपले काम आहे. ऑगस्टीन यांच्या भाषेत, तिची चिठ्ठी आपल्या नावाने निघाली आहे. तिच्या दारापर्यंत जाण्यास चार मिनिटे लागतात. वेळापत्रक नाही, रजा नाही, पारपत्र नाही. दूरदेशीच्या मुलांना बोल लावण्याआधी या चार मिनिटांचा हिशेब प्रत्येक आळीने मांडून पाहावा.

विमाने यापुढेही उडत राहतील. कदाचित उद्या ती अधिक वेगवानही होतील आणि तीन तासांचे दोन होतील. आम्हांला त्याचा आनंदच आहे. पूर्वीचे लांबचे प्रवास फार पुण्यकारक होते, अशी आमची समजूत नाही. त्या काळी अनेक आया मुलाचे तोंड पुन्हा न पाहताच गेल्या. एवढेच ध्यानात ठेवावे की यंत्र पहिलेच अंतर कमी करू शकते. ज्यांना परदेशी मुले आहेत त्यांनी येत्या रविवारी फोन आल्यावर प्रकृतीविषयी खरे तेच सांगावे. ज्यांचे आईवडील येथे आहेत आणि ज्यांना रजा मिळू शकते त्यांनी ती मागण्यासाठी तारेची वाट पाहू नये. आणि ज्यांचे कोणीच कोठे गेलेले नाही, त्यांनी शेजारच्या घरी दिवा लागला आहे की नाही, एवढे संध्याकाळी डोकावून पाहावे.